टिटवीची ओ

मागच्या आठवड्यात माझ्या भावाच्या सुनेनं, दिव्यानं, मोबाइल माझ्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, "फुई, यातलं एखादं सांगा ना." तिला मुलगी झाली होती, बारसं जवळ आलं होतं आणि नाव ठरत नव्हतं. मोबाइलवर पक्ष्यांवरून आणि प्राण्यांवरून ठेवायची मुलींची नावं होती. मी चष्मा लावला. मयूरी, सारिका, हंसिका, मैना, कोकिळा, कुहू, हरिणी, मृगाक्षी. मीनाक्षी होती, म्हणजे माशासारख्या डोळ्यांची. नंदिनी होती, सुरभी होती. या दोघी तर सरळ गायी. पोरीला नंदिनी म्हणून हाक मारली तर तिची आई खूश होते, आणि गाय म्हणून मारली तर भांडायला उठते. मी बोटानं सरकवत सरकवत खालपर्यंत गेले. टिटवी काही सापडली नाही. साठी उलटली तरी तिथं माझी वर्णी लागलेली नाही.

मी दिव्याला म्हटलं, बघ, मुलीला पक्ष्याचं नाव द्यायचं तर तो पक्षी गोड गळ्याचा हवा, नाहीतर देखणा हवा, आणि पिंजऱ्यात राहणारा असला तर फारच उत्तम. त्यातही गंमत अशी की आंब्यावर बसून गातो तो नर कोकीळ, पण नाव ठेवतात कोकिळा. पिसारा फुलवून नाचतो तो मोर, नाव मात्र मयूरी. पोरींच्या वाट्याला नाव येतं, गाणं नि नाचणं येत नाही. दिव्या हसली आणि म्हणाली, "तुम्ही पण ना फुई!" तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी अजिबात चेष्टा करत नव्हते.

माझं नाव टिटवी. शाळेच्या दाखल्यावर टिटवी, रेशनकार्डावर टिटवी, आणि सुरतेत लिंबायतच्या ज्या अंगणवाडीत मी जन्म घालवला तिथल्या पोरांच्या तोंडी टिटवीबेन. हे नाव मी लग्नाच्या वयात जवळजवळ गमावलं होतं. ते कसं राहिलं हे आता लिहून ठेवते, कारण ज्यांनी पाहिलं त्यातली बहुतेक माणसं गेली.

आमचं घर तेव्हा लिंबायतला खाडीच्या अंगाला होतं. पुढची एक खोली, मागची एक खोली आणि दोन्हींत मिळून एक खिडकी. गल्लीच्या तोंडाशीच लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, खातं होतं, आणि त्याची खटखट दिवसरात्र चालायची. बाहेरचा माणूस आला की कानावर हात ठेवायचा. आम्हाला मात्र खटखट थांबली की दचकायला व्हायचं. आबा त्याच खात्यात लूम चालवायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. माय घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. गोंदाचा वास, त्यात बाजूला चुलीवर भाजणाऱ्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा वास, आणि पायाखाली सांडलेल्या टिकल्या. आम्ही बहिणी झोपून उठायचो तेव्हा गालांवर टिकल्या चमकत असायच्या. शुक्रवारी फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी. गावाकडून कोणी आलं तर भरताची वांगी यायची आणि मग त्या रात्री गल्लीभर खरपूस वास सुटायचा. वीज गेली की सगळी लूम एकदम थांबायची आणि त्या शांततेत खाडीकडच्या मोकळ्या जमिनीवरून टिटव्यांचं ओरडणं ऐकू यायचं. मग आजूबाजूच्या बाया चूल फुंकता फुंकता थुंकायच्या, कारण आमच्या खानदेशात टिटवी घरावरून ओरडत गेली की कोणाचं तरी वाईट होतं असं मानतात.

आम्ही तिघी बहिणी. थोरली हंसा, मधली मैना, धाकटी मी. माझ्या पाठीवर राजू, म्हणजे दिव्याचा सासरा. आमच्या अहिराणीत आत्याला फुई म्हणतात, इथले गुजराती लोक फोई म्हणतात, आणि दोघांकडेही बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचाच. आमच्या तिघींची नावं आबांच्या मोठ्या बहिणीनं ठेवली. तिचं नाव सुपडी. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून तिला जन्मल्याबरोबर सुपात घालून उंबऱ्याबाहेर फिरवून आणलं आणि नाव सुपडी ठेवलं, म्हणजे दैवाला वाटावं ही कोणाला नकोच आहे. सुपडीफुई उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडात मिश्री, आणि बोलणं कमी.

हंसा झाली तेव्हा घुगऱ्या वाटल्या, मैना झाली तेव्हा थोड्या वाटल्या. मी झाले तेव्हा चणे भिजतच घातले नाहीत. आबांचे चुलतभाऊ नाना, ज्यांनी आबांना गावाहून सुरतेला आणलं आणि लूमवर उभं केलं, ते दारात येऊन "तिसरीबी पोरच?" एवढं म्हणून परत गेले. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाराव्या दिवशी फुई कोणी न बोलावता पॅसेंजरनं आली. पाणी आणायला म्हणून खाडीकडं गेली, तर तिथं म्हशींचा कळप चरत चरत पुढे येत होता आणि उघड्या जमिनीवर एक टिटवी पंख पसरून सगळ्यांत पुढच्या म्हशीच्या नाकासमोर उभी होती. मागं तिची अंडी. म्हैस थांबली, फुसफुसली आणि वळसा घालून गेली. फुई हंडा तसाच रिकामा घेऊन घरी आली, मला उचललं आणि कानात सांगून मोकळी झाली. मग मोठ्यानं म्हणाली, "टिटवी." शेजारच्या बायांनी तोंडाला पदर लावला. माय मात्र भिंतीकडून वळली आणि हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा, हे मला मायनंच सांगितलं.

मी मोठी झाल्यावर फुईला विचारलं होतं, दोघींना बरी नावं दिलीस आणि मलाच का असं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हंसले लोके चित्रमा टांगतस. मैनाले पिंजरामा घालतस. टिटवीले कोनी धरेल देखं शे का तू?" मी पाहिलं नव्हतं. आजवरही पाहिलेलं नाही.

या नावानं मला लहानपणी काय दिलं, तर मारामारीची सवय. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत पोरं मागून "टिटिव टिटिव" करायची आणि मी दप्तर फिरवायचे. एकदा बाईंनी फळ्यावर म्हण लिहिली, "टिटवी देखील समुद्र आटविते", आणि अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे पाहायला लागला. त्या दिवशी मी ताठ बसले. खाडीचं पाणी गल्लीत शिरलं की पोरं मला म्हणायची, "जा, आटव!" तेही मला आवडायचं. आमच्या समोर ज्योतीबेन राहायच्या, ओलपाडकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांना माझ्या नावात काही वावगं दिसायचंच नाही. त्यांच्याकडे टिटवीनं अंडी उंचावर घातली की यंदा पाऊस चांगला, असा हिशेब. उन्हाळा संपत आला की त्या ओट्यावरून मला विचारायच्या, "एय टिटोडी, आ वरसे ईंडां क्यां मूक्यां?" मी म्हणायचे, "तमारा छापरा पर!" आणि त्या पोट धरून हसायच्या. एकच पक्षी, गल्लीच्या आमच्या बाजूला अवदसा आणि समोरच्या ओट्यावर शकुन. तेव्हापासून मला शकुन-अपशकुन या गोष्टींचा धाक राहिला नाही.

हंसा आणि मैना यांची लग्नं झाली. दोघींची नावं सासरी बदलली, हंसाची वैशाली झाली आणि मैनाची कविता. आमच्यात नवरदेव ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवीन नाव लिहितो, आणि ते बायकोनं आयुष्यभर वापरायचं. हंसाला माहेरीसुद्धा कोणी हंसा म्हटलं की ती क्षणभर इकडंतिकडं बघायची. माझी वेळ आली तेव्हा नाना स्थळ घेऊन आले. मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवण्याच्या मिलमध्ये, घर बमरोलीला, माणसं आमच्याच गावाकडची. बघायला आला तेव्हा त्यानं मान वर केली नाही, पण पोह्यांची बशी घेताना त्याचा हात दिसला. नखांच्या कडांना निळा रंग बसलेला होता, धुऊनही न जाणारा. त्यानं बशी परत देताना हळूच "छान झालेत" म्हटलं. मला तो आवडला. आज हे सांगायला कोणाची चोरी आहे?

त्यांच्याकडून होकार आला, पण अर्धा. मुलाची आई, शांताबाई, स्वतः येऊन पुढच्या खोलीत बसली आणि म्हणाली, "पोरगी पसंत आहे. नाव पसंत नाही." नाना म्हणाले, लग्नात बदलायचंच आहे की. त्यावर ती म्हणाली, "लग्नात बदलेल, पण पत्रिका आधी छापायची ना? चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी टिटवी! मंडपात पाऊल कोण टाकेल? आमच्या सासूबाई म्हणतात, हे नाव उंबऱ्याशी यायच्या आधी निघालं पाहिजे." सगळे विचारात पडले. नाव काढायचं कसं? बोलावणं बंद करून भागणार नव्हतं, कारण ते फुईनं कानात घातलेलं नाव होतं. मग शांताबाईनंच तोड काढली. जिनं घातलं तिनंच काढावं. पुन्हा बारसं करावं, फुईनंच नवीन नाव कानात सांगावं, म्हणजे जुनं गेलं. नवीन नावही तिनं ठरवून आणलं होतं: शुभांगी.

नानांना ते लगेच पटलं. आबांचं अन्न, आबांचं सुरतेतलं उभं राहणं, सगळं नानांच्या हातून आलेलं. नानांसमोर आबांची मान कधी वर झालेली मी पाहिली नाही. मी मागच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हटलं, "मला माझं नाव बदलायचं नाही." शांताबाई माझ्याकडे न बघता मायला म्हणाली, "आवाज पण तसाच आहे हो." मायनं चहाचे कप उचलले आणि आत गेली. मला मायचा राग आला. एवढी हसली होती म्हणे त्या दिवशी, आणि आज तोंडातून शब्द नाही.

आबांनी फुईला निरोप धाडला आणि फुई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत वांगी आणि कळण्याचं पीठ. मी दारातच तिला अडवलं. "माझं नाव काढायला आलीस?"

"तुन्हा बापनी हाक मारी, मी उनू," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन आत गेली.

ती जेवायला बसली. भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल. मी समोर बसून तिच्याकडं एकटक बघत होते. शेवटी मी विचारलं, "तू खरंच सगळ्यांसमोर शुभांगी म्हणशील?"

"म्हनसू."

"का पण?"

"मन्हा भाऊनी मान खाले जावाले नको." तिनं ताटातला ठेचा बोटानं पुसून खाल्ला. मग म्हणाली, "माले सुपडामा घालं आनि सुपडी म्हनं. मी मरावी नई म्हनीसन. माले कोनी इचारं का?"

"म्हणजे तुला विचारलं नाही म्हणून मलाही विचारायचं नाही?"

ती पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी तिच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझी वेणी घालायला हात पुढं केला तेव्हा मी उठून गेले. घरात सगळेजण माझ्याशी गोड बोलत होते, आणि त्यातून मला एकच कळत होतं, की हे सगळे एका बाजूला आहेत. मला लग्न हवं होतं. निळ्या नखांचा तो मुलगाही हवा होता. फक्त त्याच्या घरात जाणारी बाई मी असायला हवी होते, शुभांगी नावाची कोणी दुसरी नको होती. एवढं साधं मागणं होतं आणि ते कोणाला सांगताही येत नव्हतं.

बारसं सुट्टीच्या दिवशी दुपारी ठरलं. जन्माला आले तेव्हा न शिजलेल्या घुगऱ्या मायनं त्या दिवशी मोठ्या पातेल्यात चढवल्या. गल्लीतल्या बाया जमल्या. घोडीएवढ्या पोरीचं बारसं बघायला कोण सोडणार! ज्योतीबेनही आल्या, हातात पिंपळाची पानं घेऊन, कारण त्यांच्याकडे नाव ठेवताना बाळाला कापडाच्या झोळीत पिंपळाच्या पानासकट झोके देतात. मी काही झोळीत मावणार नव्हते. मग चार पोरींनी हिरव्या लुगड्याची चार टोकं धरून ते माझ्या डोक्यावर छतासारखं धरलं, आणि पानं माझ्या ओटीत टाकली. बाया हसत होत्या. शांताबाई बमरोलीहून आणलेल्या दोन नातेवाईक बायांना घेऊन पुढं बसली होती. पुरुष बाहेर ओट्यावर, नाना दाराच्या चौकटीत. मी पाटावर बसले होते आणि माझे कान गरम झाले होते. मला रडू येत नव्हतं. मला कोणाला तरी चावावंसं वाटत होतं.

ज्योतीबेननी शांताबाईला विचारलं, "नाम शेना माटे बदलो छो?" शांताबाई म्हणाली, अपशकुनी आहे. ज्योतीबेननी डोळे मोठे केले. "अपशुकन? अमारे तो खेडूतो टिटोडी जोईने वावणी करे, बेन!" शांताबाईला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडं पेरत असतील. आमच्याकडं मरतात."

फुई उठली. लुगड्याच्या छताखाली वाकून आली, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कानाला तोंड लावलं. मिश्रीचा उग्र वास आला. बाया तिच्या पाठीवर थापा मारायला हात उचलून तयार होत्या. आमच्याकडे नाव सांगितलं की फुईच्या पाठीवर धपाधप बुक्के घालतात, तोही मानच. फुईनं आधी "कुर्रर्र" केलं. आणि मग कानात, एवढ्या हळू की माझ्या केसांनाही कळलं नसेल, ती म्हणाली, "मी भायेर शुभांगी म्हनसू. तू ओ दिऊ नको."

मी मान फिरवून तिच्याकडं पाहायला गेले, तर तिनं माझं डोकं घट्ट धरून ठेवलं. क्षणभर तसंच. मग सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शुभांगी!" बायांनी तिच्या पाठीवर बुक्क्यांचा पाऊस पाडला, फुई "मारा, मारा" म्हणत हसत होती, आणि मी तिच्याकडं बघतच राहिले. दोन दिवस तिच्याशी न बोलल्याची एवढी लाज मला कधी वाटली नाही, आणि एवढा आनंदही कधी झाला नाही.

शांताबाई खूश होऊन म्हणाली, "शुभांगी, ये गं, मोठ्यांच्या पाया पड."

मी बसून राहिले.

"शुभांगी!" तिनं पुन्हा हाक मारली. तिच्याबरोबरच्या बाईनं मारली. मग नानांनी दारातून मारली, जरा चढ्या आवाजात. मी ओटीतलं पिंपळाचं पान उलटंपालटं करून पाहत होते. ज्या पोरींनी लुगडं धरलं होतं त्यांचे हात दुखायला लागले आणि लुगडं हळूहळू माझ्या डोक्यावर उतरलं. कोणीतरी म्हणालं, तिला कळलं नसेल, नवीन नाव आहे. शांताबाईनं माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, "अगं, तुलाच बोलावतेय. ऐकू येतं ना?"

मी म्हटलं, "ऐकू येतं. शुभांगी कोण, ती आली की सांगते."

मग बाहेरून आबांची हाक आली. "शुभांगी." हळू, घसा खाकरून, जणू परक्याच्या मुलीला बोलवावं तशी. सगळ्यांत अवघड ती हाक होती. आबांनी मला आयुष्यात कधी टिटवीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती, आणि आबांच्या हाकेला मी कधी ओ दिली नाही असं झालं नव्हतं. मी दाराकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते, नानांच्या पायांकडं पाहत होते. जीभ उचलली होती माझी. मी ती दातांत धरली आणि गप्प राहिले. आजही मला वाटतं, मी जन्मात काही धीराचं केलं असेल तर ते हे. बाकीची भांडणं सोपी होती.

आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून, पातेल्यावर पळी आपटल्याच्या आवाजाबरोबर, मायची हाक आली.

"टिटवी! घुगऱ्या वाढाले ये!"

"ओ!" मी म्हणाले. म्हणाले कसलं, ओरडलेच. गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असेल. लुगडं डोक्यावरून झटकलं, ओटीतली पानं खाली सांडली आणि मी मागच्या खोलीत गेले. माय चुलीपाशी उभी होती, कपाळावर घाम आणि हातात पळी. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पहिली वाटी भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "फुईले दे पहिले." बाहेर ज्योतीबेनचं हसू आवरत नव्हतं.

शांताबाई उठली तेव्हा तिच्या पाटापुढं घुगऱ्यांची वाटी तशीच होती. ती आबांना काहीच बोलली नाही, नानांना म्हणाली, "चांगलं स्थळ दाखवलंत." नानांचा राग फुईवर निघाला. म्हातारी झालीस, अक्कल गेली, एवढंही धड जमलं नाही, असं बरंच काही. फुई घुगऱ्या चावत होती. सावकाश चावून, गिळून ती म्हणाली, "मी मन्हं काम करं. नाव ठेवनं मन्हा हातमा शे. ओ देवनं तिन्हा हातमा."

नाना त्यानंतर कित्येक महिने आमच्या दारात आले नाहीत. स्थळ मोडलं. मुलगा कदाचित एकटा येईल, असं मला काही दिवस वाटत होतं. रिक्षा गल्लीत शिरली की मी टिकल्या चिकटवताना मान वर करायचे. तो आला नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून मी चुकले असं काही मला वाटलं नाही. या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात.

आबा त्या दिवशी न जेवता रातपाळीला गेले. फुईला सकाळची गाडी होती. तिला स्टेशनवर सोडून मी परत येत होते तेव्हा आबा पाळीवरून येऊन ओट्यावर बसलेले दिसले, केसांत आणि भुवयांवर सुताचा पांढरा कचरा. मी त्यांच्या बाजूनं आत जाणार, तर ते चपला काढत, खाली बघत म्हणाले, "टिटवी, पाणी आन."

"ओ, आबा," मी म्हटलं. पाणी आणून दिलं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि घटघट पिऊन टाकला. त्यांनी पुढं कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही, आणि मलाही त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं.

माझं लग्न पुढं झालं, उशिरा आणि कटकटीनं. आमच्या ह्यांनी मांडवात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं टिटवी असंच लिहिलं. दुसरं काही लिहिलं तर ओ मिळणार नाही, हे त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. अंगणवाडीत मी हजारदा बघितलं, पोरीला घरी एका नावानं बोलावतात, शाळेत दुसऱ्या, पुढं सासरी तिसऱ्या. मी प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकच विचारायचे, तुला कोणतं आवडतं? पुष्कळजणी गोंधळून आईकडं बघायच्या. एक पोर मात्र म्हणाली होती, "वाघीण." मी तिला वर्षभर वाघीण म्हटलं.

दिव्याच्या लेकीचं बारसं परवा झालं. बाळाच्या बापाला सख्खी बहीण नाही, त्यामुळं मान माझ्याकडं आला. म्हातारी का होईना, घरातली फुई मीच. नाव शेवटी कुहू ठरलं. राजूच्या नवीन फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये पाळणा सजवला होता. गोड नाव आहे, पोरीच्या आईबापांनी हौसेनं ठेवलंय, आणि मला कोणाची हौस मोडायची नव्हती. मी पाळण्यावर वाकले, त्या एवढ्याशा कानाला तोंड लावलं, कुर्रर्र केलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. मग सरळ उभी राहून सगळ्यांसाठी मोठ्यानं म्हटलं, "कुहू!" माझ्या पाठीवर बुक्के पडायला लागले. या वयात ते लागतात.

दिव्यानं लाडानं हाक मारली, "कुहू… ए कुहू…" बाळ छताकडं बघत राहिलं. पुन्हा मारली. राजूनं मारली. कोणीतरी खुळखुळा वाजवला. बाळानं मान फिरवली ती माझ्याकडं, तोंड उघडलं आणि पोर अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन बेल वाजवून विचारलं, काय झालं म्हणून.

"फुई," दिव्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही तिच्या कानात नक्की काय सांगितलंत?"

"तिलाच विचार," मी म्हटलं. "मोठी झाल्यावर. आणि विचारताना हाक नीट मार, नाहीतर ती ओ देणार नाही."